वर विस्तव, खाली विस्तव : जुन्नर-आंबेगावची चूल आणि फ्रेंच लोणीकेक

जुन्नरच्या लेण्यांमध्ये एक ओळभर ब्राह्मी लेख आहे. चित नावाच्या एका यवनाने भिक्षुसंघाला 'भोजनमंडप' दान दिला, एवढेच तो सांगतो. हा चित 'गत' लोकांपैकी होता. हे गत कोण, यावर अभ्यासकांचे वाद चालूच असतात. पण परदेशी मुळाच्या एका माणसाला सह्याद्रीच्या माथ्यावरच्या या गावात दान द्यावेसे वाटले आणि त्यासाठी त्याने निवडली ती जेवणाची जागा, हे वाचून थबकायला होते. त्या मंडपात काय शिजले, कोणी शिजवले, विस्तव कसा राखला, याबद्दल दगड गप्प आहे. दगडाला दाते आठवतात. स्वयंपाकी त्याच्या लेखी नसतातच.

मात्र स्वयंपाकाचे बाकीचे साहित्य याच परिसरात कोरलेले सापडते. जुन्नरच्याच लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. काशाची भांडी घडवणाऱ्या कासारांच्या श्रेणीचा उल्लेख आहे, बांबूकाम करणाऱ्यांचाही आहे. नाणेघाटातल्या नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या हजारो गायींची मोजदाद आहे. म्हणजे धान्य, भांडे आणि दूधदुभते ही तिन्ही दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या खडकावर हजर आहेत. चूल तेवढी कोरलेली नाही.

या थ्रेडचा विषय तीच न कोरलेली चूल आहे. निमित्त मात्र लांबचे आहे : मादलेन आणि फिनान्सिए हे दोन चिमुकले फ्रेंच लोणीकेक. हे घरी करायचे म्हटले की आज पहिला प्रश्न येतो तो ओव्हनचा. त्यानंतर शिंपल्याच्या आकाराचा साचा, डिजिटल काटा, वीजेवरची घुसळणी अशी यादी वाढत जाते, आणि घोडेगावच्या किंवा ओतूरच्या घरातली एखादी मुलगी मोबाइल बाजूला ठेवून म्हणते की आपल्याकडे यातले काही नाही. या वाक्यामागे इतिहासाचा एक गैरसमज आहे. ज्या फ्रान्समध्ये हे केक जन्मले, तिथल्या बहुतेक घरांतही यातले काही नव्हते.

मादलेनचे गाव कॉमेर्सी, ईशान्य फ्रान्समधल्या लोरेन प्रांतातले. प्रचलित कथा अशी की १७५५ साली, पोलंडचे सिंहासन गमावून लोरेनचा ड्यूक झालेल्या स्तानिस्लास लेश्चिन्स्कीच्या वाड्यात मेजवानीच्या ऐन वेळी आचारी रुसून निघून गेला. तेव्हा मादलेन नावाच्या एका मोलकरणीने आजीकडून शिकलेले साधे केक करून वेळ निभावली. ड्यूक खूश झाला आणि केकला तिचे नाव मिळाले. त्या वेळी पुण्यात नानासाहेब पेशव्यांचा कारभार होता, म्हणजे काळ काही फार अंधारातला नव्हे. तरीही या कथेच्या इतक्या आवृत्त्या आहेत, आणि नायिकेचे आडनाव व मालकीणही आवृत्तीगणिक अशी बदलते, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिला आख्यायिकेच्याच फडताळात ठेवावे. कथेचा एक धागा मात्र विचार करण्याजोगा आहे. कोणत्याही आवृत्तीत हा केक पट्टीच्या आचाऱ्याचा नाही. तो घरातून वाड्यात गेलेला आहे.

मग त्या घरात भट्टी होती का? क्रांतिपूर्व फ्रान्समध्ये अनेक ठिकाणी भट्टी हा जमीनदाराचा हक्क होता. गावकऱ्याने आपली भाकरी त्याच्याच भट्टीत भाजून घ्यायची आणि त्याबद्दल वाटा द्यायचा. गिरणीचे आणि द्राक्षे चिरडण्याच्या घाण्याचेही तसेच. १७८९ च्या क्रांतीत हे हक्क उपटायला सुरुवात झाली आणि १७९३ पर्यंत ते मोडीत निघाले. पाव भाजणे हा करवसुलीचा विषय असू शकतो, हे आपल्याकडच्या बलुत्याच्या आणि जकातीच्या अभ्यासकांना परके वाटणार नाही. नाणेघाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता असे परंपरा सांगते. तिकडे भट्टीच्या तोंडाशी पिठाचा वाटा मोजला जाई.

गावच्या भट्टीत आधी पाव भाजले जात. पाव निघाल्यावर भट्टी हळूहळू निवत जाई, आणि त्या उरलेल्या धगीवर गोडाधोडाचे प्रकार होत. म्हणजे फ्रेंच घरगुती केक हा मुळात उरलेल्या उष्णतेचा पदार्थ. चुलीच्या वैलावर दूध तापत ठेवणाऱ्या, फुफाट्यात रताळी पुरून ठेवणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भट्टी पेटलेली नसे त्या दिवशी काय? त्याचे उत्तर फ्रेंच पाकग्रंथांत एका ठरलेल्या शब्दसमूहाने येते. त्याचा शब्दशः अर्थ 'वर विस्तव, खाली विस्तव' असा. जाड भांडे निखाऱ्यांवर ठेवायचे, त्याला काठ उभा असलेले पत्र्याचे किंवा बिडाचे झाकण घालायचे आणि त्या झाकणावरही निखारे पसरायचे. अशा झाकणाला तिकडे 'गावठी भट्टी' अशा अर्थाचे नाव होते. लोखंडी चूल आणि तिच्या पोटातला ओव्हन सर्वसामान्य युरोपीय घरात एकोणिसाव्या शतकात हळूहळू शिरला. आपले तापमान आपणच राखणारा घरगुती गॅस-ओव्हन तर १९२० च्या दशकातला आहे. त्याआधी आचारी भट्टीत कागद टाकून तो किती वेळात कोणत्या रंगाचा होतो यावरून आच ठरवीत. जुन्नर ही एके काळी हातकागदाची नामांकित पेठ होती. जुन्नरी कागदावर पेशवाईतली दप्तरे लिहिली गेली. तो कागद आच पाहण्यासाठी कोणी जाळला असेल असे मात्र वाटत नाही, फारच चांगला होता तो.

आता हेच वाक्य मराठीत ऐकावे. घाटाखाली कोकणात काकडीचे धोंडस करतात तेव्हा जुनी रीत हीच सांगितली जाते : पातेले निखाऱ्यांवर, वर झाकण, झाकणावर निखारे. 'खाली-वर विस्तव ठेवणे' हा प्रयोग जुन्या बायकांच्या तोंडी इतका सहज असतो की त्यात काही तंत्र आहे असे त्यांनाही वाटत नाही. धोंडस हा केकच आहे. रवा, गूळ, काकडी, आणि वरून लालसर झालेली पापुद्र्यासारखी साय. त्याला कोणी केक म्हटले नाही, कारण केक म्हणजे बेकरीतला, काचेच्या कपाटातला.

उष्णतेबद्दल मराठीत असलेल्या शब्दांकडे जरा पाहावे. जाळ, विस्तव, निखारा, इंगळ, फुफाटा, धग, आच, झळ. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. जाळावर भाकरीचा तवा तापतो, निखाऱ्यावर ती फुगते, फुफाट्यात कांदा भाजतो, धगीवर भात मुरतो. ज्या समाजाकडे तापमापक नसतो त्याची मोजपट्टी भाषेत असते. छापील मराठी पाकग्रंथ १८७५ च्या 'सूपशास्त्रा'पासून सुरू होतात. ही मोजपट्टी त्याहून कितीतरी जुनी आणि बहुतांशी अलिखित. ती मुलींनी आईच्या शेजारी बसून उचललेली असते.

आणि ती एका पिढीत विसरली जाऊ शकते. गॅसची शेगडी घरात आली तेव्हा धूर गेला, डोळ्यांची चुरचुर गेली, पहाटे लाकडे फोडण्याचे कष्ट गेले. चुलीचे गोडवे गाणाऱ्यांनी फुंकणीने चूल पेटवणाऱ्या बाईचा खोकला आधी ऐकावा. पण शेगडीबरोबर एक गोष्ट मुकाट्याने निघून गेली. शेगडी फक्त खालून तापवते. निखारे उरत नाहीत, म्हणून झाकणावर ठेवायलाही काही उरत नाही. उकडणे, तळणे, परतणे हे सारे शेगडीवर पूर्वीसारखे किंवा अधिक चांगले झाले. वरून भाजणे तेवढे घरातून हद्दपार झाले. 'भाजायचे तर ओव्हन हवा' ही समजूत इथून सुरू होते. ओव्हन आपल्याकडे नव्हताच, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. ओव्हनचे काम करणारा वरचा विस्तव होता, तो गॅसच्या बदल्यात दिला गेला.

आंबेगाव तालुक्यात याला आणखी एक पदर आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. नाव मात्र बुडालेल्या गावाचे. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी जुन्नर-आंबेगावच्या पूर्वेला आणि त्याही पलीकडे पाणी नेले. उसाचे, द्राक्षांचे, टोमॅटोचे मळे उभे राहिले, आणि पश्चिमेकडच्या खोऱ्यांतली घरे उठली. धरणग्रस्तांच्या यादीत जमिनीचे एकर असतात, झाडे असतात, घराच्या भिंतींची मापे असतात. चूल कुठल्याही रकान्यात नसते. माहेरच्या चुलीला वैल कोणत्या बाजूला होता आणि तिच्यावर काय केले जाई, हे सांगू शकणाऱ्या बाया अजून पुनर्वसनाच्या गावांतून आहेत. त्या सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी किल्ल्यांचे बुरूज मोजायला जाताना वाटेत एखाद्या ओसरीवर तासभर थांबावे, ही सूचना उपदेशासारखी वाटली तरी चालेल.

फ्रेंच केककडे परत येताना वाट लोण्यातून जाते. मादलेन आणि फिनान्सिए यांची खरी चव साच्यात नसून करपण्याच्या अलीकडच्या क्षणी थांबवलेल्या लोण्यात असते. फ्रेंच आचारी लोणी मंद आचेवर तापवतो. पाणी तडतडून उडून जाते, दुधाचे कण तळाशी बसून बदामी होतात, खमंग वास सुटतो, आणि तो तत्क्षणी भांडे उतरवतो. या लोण्याला तिकडे एका कवचफळाच्या नावावरून नाव आहे, कारण त्याचा वास भाजलेल्या त्या फळासारखा येतो. महागड्या पाकशाळांत हा धडा म्हणून शिकवतात.

मराठी घरात याच क्रियेला लोणी कढवणे म्हणतात आणि तळाच्या बदामी कणांना बेरी. फरक इतकाच की आपण तूप गाळून घेतो आणि बेरी बाजूला काढतो. फ्रेंच आचारी दोन्ही एकत्र पिठात ओततो. बेरी हा मुलांचा खाऊ. साखर घालून, किंवा पोळीला पुसून. तूप बरणीत गेल्यावर पातेल्याभोवती जी झुंबड उडते तिची आठवण बहुतेक मराठी घरांना असेल. पाहुण्यांच्या ताटात बेरी कधी वाढली गेली नाही, म्हणून तिला नाव असूनही मान मिळाला नाही. गंमत अशी की तीच वस्तू पॅरिसच्या शेअर बाजाराजवळ सोन्याच्या विटेच्या आकारात विकली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लास्न नावाच्या मिठाईवाल्याने दलालांना खिशात बाळगता यावा, हात बरबटू नयेत, म्हणून हा केक विटेच्या आकारात आणला अशी हकिकत आहे, आणि त्यावरूनच त्याचे 'फिनान्सिए', म्हणजे सावकार, हे नाव रूढ झाले.

लोण्याच्या बाबतीत जुन्नर-आंबेगावचे पारडे तर जड आहे. हा दुधाचा मुलूख. मंचरचा दुग्धव्यवसाय आज राज्याबाहेर पोचलेला आहे. पण घरच्या लोण्याचे वैशिष्ट्य वेगळेच. ते साय विरजून, ताक घुसळून काढलेले असते, म्हणून त्याला किंचित आंबूस चव असते. उत्तम फ्रेंच लोणीही असेच विरजलेल्या सायीचे असते. दुकानातले खारे पिवळे बटर मात्र बहुधा विरजलेले नसते आणि त्यातले मीठ केकमध्ये आडवे येते. म्हणजे या एका बाबतीत डेऱ्यातले पांढरे लोणी कॉमेर्सीला पाकिटातल्या बटरपेक्षा जवळचे आहे. त्यात पाणी आणि ताकाचा अंश थोडा जास्त असतो, त्यामुळे कढवायला वेळ लागतो आणि बेरीही जास्त पडते. केकसाठी ती चांगलीच गोष्ट आहे.

तेव्हा कृती. मादलेनचे जुने सूत्र समभागाचे आहे : अंडी, साखर, पीठ, लोणी ही जवळजवळ सारख्या वजनाची. डिजिटल काट्यावाचून हे कसे साधत, तर तराजूच्या एका पारड्यात अंडी ठेवून दुसऱ्यात बाकीचे जिन्नस पाळीपाळीने तोलत. अंडे हेच वजन. घरात तराजू नसेल तर वाणी तोलून देतो. दोन अंडी धरली तर साखर आणि मैदा शंभर-शंभर ग्रॅम होतात. लोणी सव्वाशे ते दीडशे ग्रॅम घ्यावे, कढवल्यावर ते शंभरावर येते. जाड बुडाच्या पातेल्यात ते मंद आचेवर ठेवावे. आधी फेस, मग तडतड, मग तडतड थांबते आणि वास बदलतो. तूप करताना यानंतरही थोडे थांबण्याची सवय असते. इथे थांबू नये. बेरी बदामी दिसताच पातेले गार पाण्यात टेकवावे, नाहीतर तळाची उष्णताच तिला काळी करते. तुपात टाकतात तसे विड्याचे पान मात्र इथे टाकू नये.

अंडी आणि साखर फिकट व दाटसर होईपर्यंत घुसळावीत. लहान रवीने हे उत्तम होते, हात भरून येतो एवढेच. त्यात लिंबाच्या सालीचा वरचा पिवळा भाग किसून घालावा, पांढरा नको, तो कडू. मैदा चाळून, पाव चमचा बेकिंग पावडर मिसळून हलक्या हाताने आत घ्यावा. शेवटी कोमट लोणी, बेरीसकट. बेकिंग पावडर ही एकोणिसाव्या शतकाची देणगी. त्याआधीचा मादलेन फुगायचा तो केवळ घुसळलेल्या अंड्यांच्या हवेवर. म्हणून घुसळण्यात कसूर नको.

पीठ तासभर फ्रिजमध्ये झाकून ठेवावे. हा थांबा टाळू नये. मादलेनच्या पाठीवर जो उंचवटा येतो तो यातूनच. गार पीठ तापलेल्या साच्यात पडले की कडा आधी घट्ट होतात, मधले पीठ ओले राहते, आणि आत तयार होणारी वाफ कडेने न निघता मधोमध वर उसळते.

साच्याच्या जागी स्टीलच्या लहान वाट्या. आतून लोणी लावून मैदा भुरभुरावा आणि उलटी करून झटकावी. शिंपल्याच्या रेघांनी भाजणारा पृष्ठभाग वाढतो आणि केक देखणा दिसतो, हे खरे. चवीला वाटी पुरते. भट्टीसाठी जाड कढई किंवा निवृत्त झालेला कुकर घ्यावा. कुकर असेल तर शिटी आणि रबरी रिंग दोन्ही काढून ठेवावीत, पाणी अजिबात घालू नये, आणि रोजच्या वापरातला कुकर या कामाला लावू नये, कोरड्या आचेने तो खराब होतो. तळाशी दोन बोटे खडे मीठ किंवा स्वच्छ कोरडी वाळू, वर जाळी, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर पंधरा मिनिटे रिकामे तापवावे. मीठ आणि वाळू यांचे काम निखाऱ्याचे आहे : शेगडीची टोकदार झळ त्या पोटात घेतात आणि सावकाश, सारखी परत देतात.

आच पुरेशी झाली का हे पाहायला फ्रेंच आचाऱ्यांचा कागद हवाच असे नाही. जाळीवर ठेवलेल्या ताटलीत चिमूटभर मैदा टाकावा. दोन-तीन मिनिटांत तो बदामी झाला तर भट्टी तयार, लगेच काळवंडला तर आच कमी करावी. वाट्या दोन-तृतीयांश भराव्यात आणि पहिली दहा मिनिटे झाकण उघडू नये.

आता मुख्य अडचण. असा केक खालून लाल होतो, आतून शिजतो, पण वरून फिकट, ओलसर राहतो. बहुतेक जण इथे खट्टू होतात. उपाय जुनाच आहे. दुसऱ्या शेगडीवर लोखंडी तवा चांगला तापवावा आणि शेवटच्या पाच-सात मिनिटांत तो झाकणावर ठेवावा. झाकण सपाट आणि धातूचे हवे, त्याला प्लास्टिकची मूठ नको. ज्यांच्या परसात अजून चूल आहे त्यांनी सरळ निखारे पसरावेत, वर जास्त आणि खाली कमी. खालचे लवकर करपवतात. सगळे मिळून पंधरा ते अठरा मिनिटे. काडी टोचून कोरडी निघाली की वाट्या लगेच उलट्या कराव्यात.

आप्पेपात्रातही हे होते, आणि घाईच्या वेळी तेच बरे. खळगे मादलेनच्या साच्याहून थोडे खोल, पण आकारमान जवळपास तेच. अगदी मंद आचेवर झाकून चार मिनिटे, मग आप्पे उलटतात तसे उलटून दोन. वरचा विस्तव नाही म्हणून केकच उलटायचा, ही त्यामागची युक्ती. उंचवटा मिळत नाही, दोन्ही बाजूंनी लाल होतो. याला मादलेन म्हणावे का, याचा निकाल कॉमेर्सीकरांवर सोडावा.

फिनान्सिएमध्ये बलक नसतो आणि मैद्याला बदामाची पूड जोडीला असते. तीन अंड्यांचे पांढरे, शंभर ग्रॅम पिठीसाखर, पन्नास ग्रॅम बदामपूड, चाळीस ग्रॅम मैदा, ऐंशी ग्रॅम कढवलेले लोणी. घुसळण्याची गरज नाही, नुसते कालवावे. बदाम महाग वाटले तर दाण्याचे कूट. ही तडजोड नव्हे. भुईमुगात तेलाचे प्रमाण बदामाच्या जवळपास जाणारे असते, आणि बेरीच्या वासाला भाजक्या दाण्याचा वास फार छान धरून राहतो. कूट ताजे आणि बारीक हवे, पण तेल सुटेपर्यंत वाटलेले नको. भुईमूग स्वतः दक्षिण अमेरिकेतून आलेला. आज मासवडीच्या सारणापासून उपवासाच्या खिचडीपर्यंत त्याच्यावाचून इथले पान हलत नाही. तेव्हा परका पदार्थ आणि आपला पदार्थ ही वाटणी स्वयंपाकघरात फार काळ टिकत नाही.

या भागात माळकरी घरे पुष्कळ. अंडी चालत नसतील तर एका वाटी मैद्याला अर्धी वाटी दही आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घ्यावा, लागेल तसे दूध घालावे आणि कालवल्याबरोबर भट्टीत सोडावे. इथे पीठ थांबवायचे नसते, सोड्याचा जोर ओसरतो. हा केक अधिक मऊ आणि कमी जाळीदार होतो. तो मादलेन नव्हे, पण बेरीची चव त्यातही पुरती उतरते.

मादलेनला जगभर ओळख दिली ती मार्सेल प्रुस्तने. १९१३ साली आलेल्या त्याच्या कादंबरीच्या पहिल्या खंडात चहात भिजलेल्या मादलेनच्या एका घासाने नायकाचे सारे बालपण परत येते. अभ्यासकांनी त्याचे कच्चे खर्डे तपासले तेव्हा असे दिसले की आरंभी तिथे मादलेन नव्हताच. होता तो भाजलेल्या पावाचा तुकडा, पुढे कडक बिस्किटासारखा टोस्ट, आणि मग मादलेन. म्हणजे जागतिक साहित्यातला तो सुप्रसिद्ध घास मुळात चहात बुडवलेला टोस्ट होता. नारायणगाव किंवा मंचरच्या एसटी स्थानकासमोर सकाळी सातला हे दृश्य कोणालाही पाहता येते, फक्त त्यावर अद्याप कोणी सात खंड लिहिलेले नाहीत.

कॉमेर्सीचा केक पसरला तो मात्र रेल्वेने. १८५२ साली पॅरिस-स्ट्रासबुर्ग मार्ग पूर्ण झाला, त्यावर कॉमेर्सीचे स्थानक होते, आणि फलाटावर बायका डबे घेऊन मादलेन विकायला उभ्या राहत. पुढच्याच वर्षी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. जुन्नर आणि आंबेगावात रेल्वे आजही आलेली नाही. हा केक फार टिकत नाही. दुसऱ्या दिवशी कडा कडक होतात, तिसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो. घट्ट डब्यात ठेवावा आणि कोरडा झालाच तर चहात बुडवावा. बेरीचे पातेले मात्र त्या आधीच कोणीतरी पुसून ठेवलेले असते.